पाण्याखालचा बांध

माझ्या सासऱ्यांचं शेत धरणात बुडालं, पण त्यांचं शेतावर जाणं काही थांबलं नाही. पूर्वी ते बैलगाडीनं जायचे, नंतर पत्र्याच्या नावेनं जायला लागले. सकाळी निघताना कुणी विचारलं तर आजही ते "वावरमा जास" एवढंच सांगतात. वावर म्हणजे शेत. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची जुनी सवय आहे, जिभेवर बसलेला शब्द आहे. ते खरोखर त्याच शेतावर जातात, हे कळायला मला एका हिवाळ्यात त्यांच्या नावेत बसावं लागलं.

धरण आमच्या सातपुड्याच्या पायथ्याशी. ते भरलं तेव्हा गाव उठून वर माळावर आलं. आबांना, म्हणजे सासऱ्यांना, दुसरीकडे जमीन मिळाली, ती आम्ही वाट्यानं लावतो, पण तिच्यात त्यांचा जीव कधी रमला नाही. ती नुसती जमीन आहे, वावर खाली आहे, असं ते म्हणतात. पाणी भरल्यावर सुरुवातीला ते काठावर जाऊन नुसते बसायचे म्हणे. मग कुणीतरी हातात गळ दिला, की बसायचंच आहे तर रिकामं कशाला बसता. त्या दिवसापासून शेतकऱ्याचा मासेमार झाला. जाळं त्यांनी कधी टाकलं नाही. जाळी मच्छी सोसायटीवाल्यांची. आबांचा एक दोर, एक गळ आणि दोराच्या टोकाला शिशाचा तुकडा.

मी अमळनेरची. माहेरी मासे खायचो, पण मासा बाजारातून कापलेलाच यायचा. जिवंत माशाचे डोळे मी सासरी पाहिले, आणि पहिल्या वर्षी त्या डोळ्यांमुळे माझं जेवण गेलं होतं. नंतर सवय झाली. कालवण मी चांगलं करते, हे आबासुद्धा कबूल करतात, आणि आबा सहसा कुणाचं काही कबूल करणाऱ्यांपैकी नाहीत.

नवऱ्याची नोकरी जळगावला, पाइपच्या कारखान्यात, म्हणून आम्ही शहरात राहतो. सासूबाई गेल्यापासून आबा गावी एकटे. गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी आम्ही म्हटलं थंडी आहे, मग म्हटलं वय आहे. मग जळगावच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या वेळच्या वेळी हव्यात, एकटं ठेवू नका, पाण्यावर तर अजिबात नको. नवऱ्यानं लगेच वरच्या खोलीत कॉट टाकली, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला. आबांनी सगळं पाहिलं, चहा घेतला आणि ओटीवर बसून मुलाला एक अट घातली.

"संक्रांत लगून मन्हा हातघाई एक मासा नावमा उना, त मी गावलेच ऱ्हासू. नही उना, त तू सांगशी तठे येसू. मंग मन्ही बोलती बंद."

संक्रांतीपर्यंत एक मासा, स्वतःच्या हातानं, नावेत. आला तर ते गावीच राहणार, नाही तर मुकाट्यानं जळगावला येणार. नवरा हो म्हणाला. त्याला वाटलं, थरथरत्या हाताला मासा कसला लागतोय, म्हातारा आपण होऊनच जाळ्यात आला. मलाही तसंच वाटलं. आमचा मुलगा होस्टेलवर होता, घरात मी मोकळीच होते, तेव्हा गोळ्या द्यायला आणि नाव वल्हवायला माझी नेमणूक झाली. नवरा जळगावात बसून रोज चहाच्या सुट्टीत फोन करायचा आणि सूचना द्यायचा. आबांना स्वेटर घातला का, नाव काठाजवळच ठेव, लाइफ जॅकेट मिळतंय का बघ. उंटावरून शेळ्या हाकणं याला म्हणतात. इथे मला वल्हं सरळ धरता येत नव्हतं आणि नाव गोल गोल फिरत होती.

आमच्याकडची थंडी बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. खानदेश म्हटलं की सगळ्यांना ऊनच आठवतं. पण पौषातल्या सकाळी त्या धरणावर माझ्या बोटांना वल्ह्याचं लाकूड लागत नसे, इतकी ती बधिर व्हायची. पाण्यावरून वाफ निघायची. पलीकडचा डोंगर दिसायचा नाही, मागचा काठही दिसेनासा व्हायचा आणि मधे आम्ही दोघं, सून आणि सासरा, बसलेलो. मग कुठूनतरी ऊन यायचं. वाफ हळूहळू वर उचलली जायची आणि तिच्याखाली बदकं दिसायची. शेकडो. एवढा वेळ ती तिथेच होती, आमच्या आसपास, आणि आम्हाला पत्ताच नव्हता. पहिल्या दिवशी ती एकदम उठली तेव्हा मी वल्हं सोडून दोन्ही हातांनी नाव धरली होती. एवढा मोठा आवाज पंखांचा असू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं. आबा मात्र माझं सुटलेलं वल्हं पाण्यातून काढत होते.

पहिल्याच आठवड्यात मला शेत दिसलं. वारा पडलेला होता, दुपारचं ऊन पाण्यात सरळ शिरत होतं. हिवाळ्यात धरणाचं पाणी निवळतं. शेताचा वरचा भाग उथळ पाण्यात आहे. आबांनी वाकायला सांगितलं, मी वाकले आणि खाली दगड दिसले, एकापुढे एक, ओळीनं रचलेले. मध्ये बाभळीचं खोड होतं, फांद्या गेलेल्या, पण उभं. त्या दगडांच्या ओळीवरून बोटाएवढ्या माशांचा एक थवा आरामात पलीकडे गेला. खाली माणसानं रचलेला बांध आणि त्याच्यावरून मासे चाललेले. एवढी वर्षं हा माणूस शेतावर जातो म्हणून सांगत होता आणि आम्ही हसत होतो.

त्या दिवसानंतर त्यांच्या सगळ्या वागण्याचा मला अर्थ लागायला लागला. नाव शेताच्या हद्दीत शिरली की ते चपला काढून बाजूला ठेवायचे. भर थंडीत अनवाणी. खळ्यात जाताना चपला काढतात तसं. कुठे तूर होती, कुठे भुईमूग, सासूबाई भाकरी घेऊन कुठल्या झाडाखाली बसायच्या, हे सगळं ते पाण्याकडे पाहत बोट दाखवून सांगायचे. आणि उताराच्या बाजूला, खोल पाण्यात, त्यांची विहीर. वरून तिचा मागमूस नाही. टेकडीवरचा निंब आणि नव्या गावाची पाण्याची टाकी एका रेषेत आणायची, मग डावीकडे थोडं सरकायचं, आणि शिसं खाली सोडलं की ते दगडावर टक्क वाजायचं. ते विहिरीचं थारोळं, मोटेचं पाणी पडायचं ती दगडी कुंडी. थंडीत वरचं पाणी गार झालं की मोठा मासा तिथे खाली जाऊन बसतो. त्या विहिरीचं पाणी आबांनी कधीकाळी शेताला पाजलं होतं. आता ते त्याच विहिरीवर गळ टाकून बसत.

आणि बांधापलीकडे नाना.

नाना आबांचे चुलतभाऊ. त्यांचंही शेत बुडालेलं, आबांच्या शेताला लागून. तेही रोज नाव घेऊन यायचे आणि स्वतःच्या शेतावर गळ टाकून बसायचे. दोघांमध्ये बोलणं नव्हतं. धरणाच्याही आधी, बांध कुणी सरकवला यावरून भांडण झालं होतं. वाद होता औताच्या दोन तासांएवढ्या पट्टीचा, म्हणजे नांगर दोनदा फिरेल एवढ्या जागेचा. त्यावरून मोजणी झाली, भाऊबंदकी झाली, दोन्ही घरच्या लग्नांत एकमेकांना आमंत्रणं गेली नाहीत. मग धरण आलं आणि दोघांची शेतं, बांध, ती पट्टी, सगळं एकाच पाण्याखाली गेलं. सुंभ जळतो आणि पीळ राहतो असं म्हणतात. इथे सुंभ बुडून कुजला होता आणि पीळ पाण्यावर तरंगत होता. आबांची नाव कधी बांध ओलांडत नसे. नानांचीही नाही. वाऱ्यानं नाव सरकली तरी आबा मला म्हणायचे, "बांध उना. थांबाड." आणि मी वल्हं उलटं मारायचे. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारायचे, पण थांबवायचे.

मासा मात्र लागत नव्हता. उन्हाळ्यात मासा आमिषावर तुटून पडतो, थंडीत तो आळसावलेला असतो. तो फक्त तोंडात धरतो आणि बसून राहतो. दोर किंचित जड होतो, इतकंच. ते जडपण बोटाला कळावं लागतं आणि आबांचं बोट दिवसभर आपलंच हलत होतं. त्यांना मासा लागल्यासारखं वाटायचं, ते हिसका द्यायचे, आणि गळ रिकामा वर यायचा. खरा मासा लागायचा तेव्हा त्यांना वाटायचं हात हलतोय. आमिष खाऊन मासा निघून जायचा. एकदा मी म्हटलं, "आबा, थोडा येळ मी धरस." त्यांनी दोर माझ्यापासून लांब नेला. "तू धरशी त तुन्हा मासा," ते म्हणाले. अट हाताची होती. ते स्वतःलाही फसवणार नव्हते, हा त्यांचा जुना दोष.

दिवस जायला लागले तसे ते गप्प झाले. आधी काठावर परतताना निदान वाऱ्याला शिव्या द्यायचे, आता तेही नाही. मी गोळी पुढे केली की निमूट घ्यायचे, आणि मला त्या निमूटपणाचा राग यायचा. सांगायला हरकत नाही, हिवाळ्याच्या सुरुवातीला मी नवऱ्याच्या बाजूची होते. जळगावात दवाखाना जवळ, गरम पाणी, माणसं. पण धरणावर बसून बसून माझा पक्ष कधी बदलला, ते मला कळलंच नाही. वरच्या खोलीतल्या कॉटवर बसलेले आबा डोळ्यांसमोर आले की मला गुदमरायला व्हायचं. त्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. मी मनात म्हणायचे, एक मासा, बोटाएवढा चालेल, लागू दे. देवाला सांगून झालं, पाण्याला सांगून झालं. नवरा फोनवर विचारायचा, लागला का? मी नाही म्हणायचे आणि तो बरं म्हणायचा, तेव्हा फोन पाण्यात टाकावासा वाटायचा.

संक्रांत तोंडावर आली. नवऱ्यानं गाडी घेऊन येण्याचं ठरवलं होतं, आबांच्या कपड्यांची पेटी मी भरून ठेवली होती. त्या सकाळी नावेत बसल्यावर आबांनी दोर खाली सोडला, शिसं दगडावर वाजलं आणि मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. दोराचं वेटोळं त्यांनी उजव्या पायाच्या अंगठ्यात अडकवलं, पाय नावेच्या काठावर टाकला आणि मागे टेकून बसले.

"आबा, हाई काय?"

"पाय आजून मन्हा शे," ते म्हणाले.

हात ऐकत नव्हता, पाय ऐकत होता. एवढा साधा विचार, पण मला सुचला नव्हता आणि त्यांनाही इतके दिवस सुचला नव्हता. मी माझी शाल काढून त्यांच्या पायाला गुंडाळली, अंगठा तेवढा उघडा ठेवला. शाल माहेरची होती आणि पायाला माशांच्या आमिषाचा वास होता. ते म्हणाले, सुनेनं सासऱ्याचे पाय झाकावेत अशी रीत आहे, अंगठा उघडा ठेवावा अशी कुठेच नाही. बऱ्याच दिवसांनी त्यांनी थट्टा केली होती.

ऊन वर आलं. वाफ निघून गेली. नाना त्यांच्या शेतात, बांधापासून चांगले आत, आमच्याकडे पाठ करून बसले होते. ते नेहमी पाठ करून बसत, आणि मला नेहमी वाटे की त्यांच्या पाठीला कान आहेत. मी डोळे मिटले असतील किंवा नसतील, आबांचा आवाज आला, अगदी हळू.

"शे."

मी पाहिलं. अंगठा स्थिर होता. दोर सरळ खाली गेला होता, त्यात मला काहीच दिसत नव्हतं. आबांनी पाय इंचभर मागे घेतला आणि मग एकदम झटका दिला. पुढच्या क्षणी दोर अंगठ्यातून सुटून त्यांच्या दोन्ही हातांत आला होता आणि नाव हलली. वारा नव्हता, मी वल्हं मारलेलं नव्हतं, तरी नाव हलली. खालून कुणीतरी आम्हाला ओढत होतं.

आणि तेव्हा मी त्यांचा हात पाहिला. तो थरथरत नव्हता. वर्षभर ज्या हातानं चहाचा कप धड धरला नव्हता, ज्याला न जमणारी बटणं मी लावत होते, तो हात दोर धरून दगडासारखा थांबला होता. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की या दुखण्यात असं होतं, हात मोकळा असला की हलतो, कामाला लागला की थांबतो. त्यांनी ते असं सांगितलं की जणू त्यात काही विशेष नाही. मी मात्र त्या हाताकडे पाहून रडायलाच लागले होते. नाव चालली होती, आबा दोर देत होते, घेत होते, आणि मला नीट दिसत नव्हतं.

मासा विहिरीवरून निघाला आणि बांधाच्या दिशेनं चालला. सरळ, घाई न करता, स्वतःच्या मालकीच्या रस्त्यानं चालल्यासारखा. दोर संपत आला. आबांनी टेकडीकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं.

"बांध उना. थांबाड."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "आबा, मासा पलीकडे चालना."

"थांबाड."

मी थांबवली. आयुष्यात एवढ्या रागानं मी कधी कुणाचं ऐकलं नव्हतं. वल्हं उलटं मारत राहिले, नाव जागच्या जागी गरगरायला लागली, दोर सतारीच्या तारेसारखा ताणला गेला. त्याच्यावरून पाण्याचे थेंब उडत होते. मी म्हटलं, आबा, पाण्याला कसला बांध, मासा गेला तर उद्यापासून ही नाव नाही, हे धरण नाही, ती खोली आणि ती भिंत. बोलू नये ते सगळं मी बोलले. त्यांनी मान हलवली. त्यांना सगळं ठाऊक होतं. ते मासा सोडायला तयार होते, धरण सोडायला तयार होते, पण नानांच्या शेतात नाव घालायला तयार नव्हते.

नाना आता उठून उभे होते. आमच्याकडे तोंड करून.

"सूनबाई," ते म्हणाले, "त्याले सांग, नाव आठे लई ये. दोर तुटी जाई."

त्यांच्यामध्ये बसून दोघांचे निरोप इकडून तिकडे करायची मला तोवर कधी वेळ आली नव्हती. मी आबांकडे वळले. आबांनी दोरावरची नजर हलवली नाही.

"त्याले सांग, मी दुसराना वावरमा जात नही."

हे मी नानांना सांगायची गरज नव्हती, पाण्यावर आवाज स्वच्छ जातो. अख्ख्या गावाला अट माहीत होती, त्यांनाही होतीच. मग ते माझ्याशी नाही, आबांशी बोलले.

"बांध तठे नही शे. आठे शे. मन्ही नावखाले."

म्हणजे बांध तिथे नाहीच, इथे, माझ्या नावेखाली आहे. त्यांची नाव होती त्यांच्या शेताच्या ऐन मध्यावर. ज्या माणसानं दोन तासांच्या पट्टीसाठी मोजणी आणली होती, तो अर्धं शेत देऊन टाकत होता, आणि तोंड असं वाकडं करून की जणू काही सरकारी चूक दुरुस्त करतोय.

आबांनी पहिल्यांदा मान वर केली. इतक्या वर्षांत ते नानांशी जे पहिलं वाक्य बोलले ते भांडणाचंच होतं.

"मोजनीना टाइमले तुले दोन तास सुटनात नही."

"तव्हय तू कोठे जाई ऱ्हायना व्हता?" नाना म्हणाले.

तेव्हा तू कुठे निघाला होतास. मी आबांकडे पाहू शकले नाही, म्हणून पाण्याकडे पाहत राहिले. दोर अजून ताणलेला होता, वल्हं माझ्या हातात होतं. मग मागून आबांचा आवाज आला.

"वल्हव पोरी."

मी वल्हवलं. निंब आणि टाकी एकमेकांपासून सुटली, बांध आमच्या खालून मागे गेला, आणि काही झालं नाही. पाणी तसंच होतं. पुढे मासा दमला, पण लवकर नाही. तो नानांच्या शेतात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला आणि आम्ही त्याच्या मागे. नाना आपली नाव बाजूला घेत होते, वाट देत होते, मधूनच "ढील दे, ढील दे" म्हणत होते आणि आबा "माले शिकाडू नको" म्हणून उत्तर देत होते. दोन म्हातारे मोठ्यानं वाद घालत होते आणि मला ते इतकं गोड वाटत होतं की मासा विसरायला झालं.

मग तो वर आला. आधी पाणी फुगलं, मग खाली काहीतरी पांढरं वळलं, आणि मग तो सबंध दिसला. शिवडा होता. अंगावर खवलं नाहीत, चांदीसारखी कातडी, रुंद तोंड, लांब मिशा पाण्यात मागे वाहिलेल्या. माझ्या कमरेपर्यंत येईल एवढा. तो आडवा झाला आणि त्याचा एक डोळा आमच्याकडे होता. मला भीती वाटली नाही, कीव आली नाही. मी हात जोडले, आणि ते मी ठरवून केलं नाही. बुडालेल्या विहिरीत हा एवढा जीव राहत होता, तिच्यावर आम्ही रोज बसत होतो, आणि त्यानं आज वर येऊन तोंड दाखवलं होतं.

नानांनी त्यांची नाव आमच्या नावेला लावली. नावा एकमेकींपासून सरकू नयेत म्हणून त्यांनी खाली वाकून दोन्ही काठ हातांनी धरले. वाकताना त्यांचा चेहरा दुखण्यानं आकसला, पण त्यांनी सोडलं नाही. माशाला त्यांनी हात लावला नाही. मीही लावला नाही, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले, कारण मला माझाच भरवसा नव्हता. आबांनी दोर तोंडात धरला, दोन्ही हात पाण्यात घातले, माशाच्या कल्ल्याखाली बोटं घातली आणि उचलला. पहिल्यांदा निसटला. दुसऱ्यांदा त्यांनी तो छातीशी धरला आणि माशासकट नावेत मागे बसले. नाव इतकी डुलली की मलाही काठ घट्ट धरावे लागले.

मासा नावेच्या तळाशी आपटत होता. आबांचा स्वेटर छातीपासून खालपर्यंत भिजला होता. थोड्या वेळानं त्यांचा उजवा हात पुन्हा थरथरायला लागला. त्यांनी तो लपवला नाही, मांडीवर तसाच ठेवला. नानांनी त्यांचा दुखरा पाय नावेत सरळ करायचा प्रयत्न केला, तो होईना.

"तुन्हा गुडघा कसा शे आते?" आबांनी विचारलं.

"पावसायामा ठणकस," नाना म्हणाले. "थंडीमा बी."

"तेल लावस का नही?"

"कोन लाई दी?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. नवऱ्याच्या चहाची वेळ झाली होती. मी फोन आबांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला धरला, हाताबरोबर फोनही हलत होता. पलीकडून नवऱ्यानं रोजचाच प्रश्न विचारला असणार, लागला का. आबांनी खाली माशाकडे पाहिलं. मग त्यांनी टेकडीकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, आणि आपण कुठे आहोत ते त्यांना नीट कळलं, हे मला दिसलं. ते कधी खोटं बोलत नाहीत.

"लागना," ते म्हणाले. "मन्हाच वावरमा."

नाना दुसरीकडे पाहत होते. दोन्ही नावांचे काठ मात्र त्यांनी अजून धरूनच ठेवले होते.